तलावाला पांघरूण, पांघरुणाला रहाट

जलतरण तलावाचे पाणी वाचविणारे सौर आच्छादन आणि ते एकट्याने हाताळता यावे यासाठीचे रीळ

रत्नागिरी : वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात मार्च उजाडला की विहिरींचे तळ दिसू लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत डोंगरउतारावरच्या कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभा दगड पावसाचे पाणी भराभर पोटात घेतो, पण ते धरून ठेवत नाही. उतारावरून ते खाडीला आणि खाडीतून समुद्राला मिळते. याच जिल्ह्यात गणपतीपुळे, गुहागर, दापोली या पट्ट्यात पर्यटन वाढले, तसे रिसॉर्ट आणि खासगी बंगल्यांच्या अंगणात जलतरण तलावही दिसू लागले. पर्यटकांचा हंगाम आणि पाणीटंचाईचा हंगाम नेमका एकच, तो म्हणजे उन्हाळ्याची सुटी. त्यामुळे तलावातून वाया जाणारे पाणी वाचविणे हा केवळ मालकाच्या खर्चाचा प्रश्न राहत नाही. त्याच पाण्यावर आजूबाजूच्या वाडीचाही हक्क असतो.

तलाव गळत नसतानाही त्याची पातळी रोज थोडी थोडी उतरते. हे पाणी हवेत जाते. त्याला अटकाव करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाण्यावर तरंगणारे प्लास्टिकचे आच्छादन, ज्याला बाजारात ‘सोलर पूल कव्हर’ म्हणतात. मात्र हे आच्छादन घेणारे अनेक जण ते काही दिवसांतच कोपऱ्यात टाकून देतात, कारण रोज ते काढणे आणि घालणे जिकिरीचे होते. ही जिकीर संपविणारे साधे यंत्र म्हणजे रीळ. आच्छादनाचा उपयोग किती होणार, हे बहुतांशी रिळावर अवलंबून असते.

उडून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब

दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशा मध्यम आकाराच्या खासगी तलावाचे उदाहरण घेऊ. त्याचा पृष्ठभाग ५० चौरस मीटर होतो. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर रोज २५० लिटर पाणी जाते. महिन्याला हा आकडा साडेसात हजार लिटरवर पोहोचतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविण्यात आले. त्या प्रमाणाने चार माणसांच्या कुटुंबाला दिवसाला २२० लिटर पाणी लागते. म्हणजे एक उघडा तलाव रोज एका कुटुंबाच्या वाट्याहून अधिक पाणी हवेत सोडतो.

पाण्याच्या अशा वापराकडे समाज टंचाईच्या काळात वेगळ्या नजरेने पाहतो. २०१६ च्या दुष्काळात क्रिकेटच्या मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ‘आयपीएल’चे अनेक सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले. तलावांच्या मालकांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

उडणारे पाणी सोबत उष्णताही घेऊन जाते. माठातले पाणी याच कारणाने गार होते. उघडा तलाव म्हणजे एक भला मोठा माठच. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता खर्च होते. वरच्या तलावातून रोज जाणाऱ्या २५० लिटरचा हिशेब केला, तर ही उष्णता विजेच्या सुमारे १६८ युनिटांएवढी भरते. तलावाची सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे एकूण पाणी ७० हजार लिटर धरले, तर तेवढ्या उष्णतेने संपूर्ण तलावाच्या तापमानात दोन अंश सेल्सिअसचा फरक पडतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार उघड्या तलावातून जाणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ७० टक्के उष्णता एकट्या बाष्पीभवनाने जाते.

आच्छादन वापरल्यास वरून भरावे लागणारे पाणी ३० ते ५० टक्क्यांनी, रसायनांचा वापर ३५ ते ६० टक्क्यांनी आणि तलाव गरम ठेवला जात असल्यास त्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असे हाच विभाग सांगतो. उदाहरणातील तलावात भर केवळ उडालेल्या पाण्याचीच घालावी लागते असे मानले, तरी महिन्याला सव्वादोन ते पावणेचार हजार लिटर पाणी वाचते.

फुग्यांची चादर

१९५७ मध्ये अमेरिकेतील आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शाव्हान यांनी हवेच्या फुग्यांचे प्लास्टिक तयार केले. आज नाजूक वस्तू गुंडाळण्यासाठी ते घरोघरी ओळखीचे झाले आहे. सौर आच्छादन दिसायला तसेच असते. मात्र ते अधिक जाड आणि अतिनील किरणांना तोंड देईल अशा प्रक्रियेचे पॉलिथिन असते. त्याची जाडी साधारणपणे २०० ते ५०० मायक्रॉन असते. फुग्यांची बाजू खाली, पाण्याला टेकलेली आणि गुळगुळीत बाजू वर असावी लागते. फुग्यांतील हवेमुळे चादर तरंगते आणि पाण्याची ऊब आत राहते.

‘सौर’ या शब्दामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. आच्छादन स्वतः पाणी तापवीत नाही. उलट, पारदर्शक फुग्यांची चादर पाण्यापर्यंत पोहोचणारी सूर्याची उष्णता ५ ते १५ टक्क्यांनी आणि अपारदर्शक चादर २० ते ४० टक्क्यांनी कमीच करते. तरीही पाणी उबदार राहते, कारण बाष्पीभवन थांबल्यामुळे बाहेर जाणारी उष्णता त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात वाचते. मिळकत थोडी घटते, पण खर्च जवळजवळ बंद होतो, असा हा व्यवहार आहे.

रत्नागिरीत ऊब हवी की पाणी?

थंड देशांत हे आच्छादन मुख्यतः उबेसाठी घेतले जाते. रत्नागिरीची गोष्ट निराळी आहे. येथे डिसेंबर-जानेवारीतील पहाटे सोडल्या, तर पाणी गार पडण्याची तक्रार फारशी नसते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तलावाचे पाणी नकोसे कोमट होते. जागतिक जलतरण महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धेच्या तलावाचे तापमान २५ ते २८ अंश असावे लागते. पाणी त्याहून बरेच तापले की शेवाळ जोमाने वाढते आणि क्लोरीन अधिक खर्ची पडते.

म्हणून कोकणात आच्छादन निवडताना रंगाला महत्त्व येते. हिवाळ्यात उबेसाठी पारदर्शक किंवा फिकट निळी चादर चालते. वर्षभर पाणी वाचविणे हाच हेतू असेल, तर वरून चंदेरी आणि खालून गडद अशी अपारदर्शक चादर सोयीची ठरते. ती ऊन परतवते आणि शेवाळाला लागणारा उजेडही अडवते. तरीही उन्हाळ्यात एक मर्यादा मान्य करावी लागते. तलावाला थंडावा बाष्पीभवनानेच मिळतो. थंडावा हवा असेल तर थोडे पाणी द्यावे लागते. पाण्याचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ लागले, तर एखादी रात्र आच्छादन काढून ठेवावे आणि पहाटे पुन्हा घालावे. हे वारंवार करायचे, तर काढघाल सोपी असायला हवी. येथेच रिळाची गरज स्पष्ट होते.

रीळ का हवे?

चारशे मायक्रॉन जाडीच्या पॉलिथिनचे वजन चौरस मीटरला सुमारे ३७० ग्रॅम भरते. पन्नास चौरस मीटरची चादर कोरडी असताना १८ किलोच्या आसपास होते. हे वजन फार नाही. अडचण वेगळीच आहे. चादर ओली असते, बुळबुळीत असते, तिच्यावर पाणी साठते आणि तिला धरायला जागा नसते. हातांनी ओढायला दोन माणसे लागतात. ओढलेली चादर जमिनीवर चुरगळून पडते, तिच्या घड्यांमध्ये माती आणि पाने अडकतात आणि पुन्हा पसरताना तीच घाण तलावात जाते. जांभ्याच्या खरखरीत कडेवर घासून फुगे फुटतात. चार दिवस हा उद्योग झाला की पाचव्या दिवशी आच्छादन बाजूला पडते.

रीळ लावल्यावर हेच काम एक माणूस काही मिनिटांत करतो. चादर सरळ गुंडाळली जाते, जमिनीला टेकत नाही आणि पसरताना जशीच्या तशी उलगडते. जेथे तलावाची देखभाल एकाच कामगारावर किंवा घरातल्या वयस्कर माणसावर असते, तेथे रीळ ही चैन मानता येत नाही.

रहाटाचेच तत्त्व

कोकणातल्या माडा-पोफळींच्या वाड्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजणारा रहाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रीळ समजावून सांगावे लागत नाही. हातरहाट असो वा पायरहाट, बारीक आसाला मोठे चाक जोडले की थोड्या जोरात मोठा भार ओढला जातो. रिळातही तेच आहे. तलावाच्या रुंदीएवढी लांब नळी, दोन्ही टोकांना आधाराचे घोडे, नळी फिरती राहावी म्हणून बेअरिंग किंवा नायलॉनची बुशिंग आणि एका बाजूला हाताने फिरवायचे चाक एवढेच त्याचे भाग. मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर जाळे ओढणारी विंचही याच कुळातली. फक्त तिला इंजिनाचे बळ असते.

नळीचा व्यास १० सेंटिमीटर आणि हातचाकाचा व्यास ५० सेंटिमीटर असेल, तर सुरुवातीला लावलेल्या जोराच्या पाचपट ओढ मिळते. चादर गुंडाळत जाते तशी गुंडाळी जाड होते आणि हा लाभ कमी होत जातो. पाच मिलिमीटर जाडीच्या फुग्यांची १० मीटर लांब चादर पूर्ण गुंडाळल्यावर गुंडाळीचा व्यास सुमारे २७ सेंटिमीटर होतो आणि ओढ दुपटीहूनही थोडी कमी राहते. सुदैवाने तोवर पाण्यावरची चादर संपत आलेली असते, त्यामुळे हाताला फार जड जात नाही. या लांबीसाठी चाकाचे सुमारे १७ फेरे पुरतात. तलाव २५ मीटर लांब असेल, तर गुंडाळी ४१ सेंटिमीटरपर्यंत वाढते. अशा वेळी घोडे उंच आणि चाक मोठे असावे, नाहीतर शेवटच्या फेऱ्यांना चादर जमिनीला घासते.

खाऱ्या हवेला टिकणारे साहित्य

किनाऱ्यावरच्या घरांत खिडकीच्या गजांपासून पंख्याच्या स्क्रूपर्यंत सारे काही लवकर गंजते, हा येथला रोजचा अनुभव आहे. त्यात तलावातील क्लोरीनची भर पडते. म्हणून रीळ निवडताना दिखाऊपणापेक्षा धातूकडे लक्ष द्यावे. नळी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची असावी. घोडे आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यायचे असतील, तर ते ३१६ प्रतीचे असावेत. नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टीलवर खाऱ्या हवेत लवकर तांबूस डाग पडतात. ॲल्युमिनियम आणि स्टील थेट एकमेकांना टेकले, तर ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते. त्यामुळे मध्ये नायलॉनच्या चकत्या घालाव्यात.

गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी पाइपचे रीळ बनवून घेण्याचा पर्यायही आहे. त्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वापरावा, वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो म्हणून तेथे जस्तयुक्त रंग द्यावा आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर रंगाचा हात फिरवावा. पाणी नेण्याचा पीव्हीसी पाइप नळी म्हणून वापरण्याचा मोह टाळावा. पाच-सहा मीटर लांबीवर तो उन्हात मधोमध वाकतो आणि वाकलेल्या नळीवर चादर कधीच सरळ गुंडाळली जात नाही.

घोडे दोन प्रकारचे मिळतात, जमिनीत बोल्टने बसविलेले आणि चाकांवर फिरणारे. एका घरचा तलाव असेल आणि जागा मोकळी असेल, तर बसविलेले रीळ मजबूत ठरते. तलावाभोवती माणसांची वर्दळ असेल, तर चाकांचे रीळ घेऊन पोहण्याच्या वेळी ते बाजूला नेता येते. मात्र चाकांना कुलूपबंद होणारा ब्रेक असणे अत्यावश्यक आहे.

बसविताना घ्यायची काळजी

नवी चादर लगेच मापाला कापू नये. ती फुगे खाली करून पाण्यावर पसरावी आणि काही दिवस उन्हात राहू द्यावी. घड्या मोडतात, चादर आपल्या मापाला येते. त्यानंतर तलावाच्या कडेकडेने ती कात्रीने बेतावी. कडेशी मोठी फट राहिली, तर तेथून पाणी उडते. चादर फार मोठी राहिली, तर ती कडेवर चढते आणि वाऱ्याला धरायला जागा मिळते.

रीळ कोणत्या टोकाला ठेवायचे, हे वाऱ्यावर ठरवावे. रत्नागिरीत दुपारी समुद्रावरून खारे वारे जोराने येतात. रात्री आणि पहाटे जमिनीवरून येणारे मतलई वारे त्या मानाने मंद असतात. म्हणून शक्य असेल तेथे रीळ पश्चिमेच्या, म्हणजे समुद्राकडच्या टोकाला असावे. मग वारा चादर पसरायला मदत करतो. उलट टोकाला रीळ असेल, तर वारा चादरीच्या मोकळ्या कडेखाली शिरतो आणि ती उलटवून टाकतो.

रिळाची नळी तलावाच्या लांबीशी नेमकी काटकोनात हवी. ती थोडी जरी तिरकी असली, तरी प्रत्येक फेऱ्याला चादर एका बाजूला सरकते. जागा एकदा जुळली की घोड्यांच्या पायांच्या खुणा फरशीवर रंगाने करून ठेवाव्यात. चादर नळीला पट्ट्यांनी जोडली जाते. साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर अंतरावर एक पट्टा असावा आणि सर्व पट्ट्यांची लांबी अगदी सारखी असावी. चादरीच्या ज्या जागी पट्ट्याची चिमटी बसते, तेथे दुहेरी जाडीची पट्टी लावली, तर ती फाटत नाही. दुसऱ्या टोकाला, दोन्ही कोपऱ्यांना जोडलेली एक दोरी ठेवावी. ती धरून काठाने चालत गेले की चादर पसरली जाते. तलावाची कड जांभ्याची असेल, तर चादर ज्या जागेवरून सरकते तेथे गुळगुळीत फरशी बसवावी, निदान ती जागा ओली करून घ्यावी.

रोजची काढघाल

काढण्यापूर्वी चादरीवरची पाने, आंब्याचा मोहोर, काजूची फुले मऊ झाडूने किंवा जाळीने काढावीत. जानेवारी-फेब्रुवारीत बागेलगतच्या तलावांवर मोहोराचा सडाच पडतो. तो तसाच गुंडाळला, तर चादर बुरसते. त्यानंतर ब्रेक लावलेला आहे याची खात्री करून चाक संथ, एकसारख्या गतीने फिरवावे. चादर एका बाजूला सरकू लागली, तर जोर न लावता दोन फेरे मागे घ्यावे आणि सरळ करून पुन्हा गुंडाळावे.

गुंडाळलेली चादर उन्हात उघडी ठेवणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. पाण्यावर असताना खालचे पाणी चादरीला गार ठेवते. गुंडाळीत एकावर एक थर येतात, उष्णता आत कोंडते आणि फुगे फुटू लागतात. म्हणून गुंडाळीवर पांढरे, अपारदर्शक कापड किंवा ताडपत्री घालावी.

घालताना आधी गुंडाळीत काही दडले आहे का, ते काठीने ठोकून पाहावे. बेडूक, पाली, क्वचित सापही अशा सावलीच्या जागी आसरा घेतात. मग दोरी धरून काठाने चालत चादर ओढावी. चाकाला हलका हात लावून ते भरभर सुटणार नाही हे पाहावे. पाण्यात क्लोरीनची मोठी मात्रा टाकली असेल, तर प्रमाण नेहमीच्या पातळीवर उतरेपर्यंत आच्छादन घालू नये. चादरीखाली कोंडलेली क्लोरीनची वाफ प्लास्टिक जाळते. आच्छादनामुळे क्लोरीन उन्हाने कमी उडते, त्यामुळे रोजची मात्राही पाणी तपासूनच ठरवावी. सवयीने टाकू नये.

पावसाळा आणि वादळे

जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरीत आच्छादनाचे कामच उरत नाही. पावसाने तलाव ओसंडून वाहतो आणि चादरीवर पाणी साठून ती खाली खेचली जाते. घरांची शाकारणी होते त्याच दिवसांत चादर काढून गोड्या पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि उंदरांपासून दूर, कोरड्या खोलीत गुंडाळून ठेवावी. रिळाच्या बुशिंगमधले मीठ धुऊन तेथे जलरोधक ग्रीस लावावे.

मॉन्सूनपूर्व वादळांचाही विचार करावा लागतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगडचा परिसर उद्ध्वस्त केला, तर मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याला समांतर गेले. अशा वाऱ्यात तरंगती चादर आणि चाकांवरचे रीळ दोन्ही उडून इजा करू शकतात. वादळाचा इशारा मिळताच चादर गुंडाळावी, गुंडाळीला पट्ट्यांनी घट्ट बांधावे आणि रीळ घरात घ्यावे किंवा खांबाला साखळीने जखडावे.

काही वर्षांनी ऊन चादरीला ठिसूळ करते. फुग्यांचे कपचे गाळणीत येऊ लागले की ती बदलावी. जुनी चादर माळावर किंवा किनाऱ्यावर टाकू नये. तिचा चुरा होऊन तो मातीत आणि समुद्रात मिसळतो.

आच्छादन म्हणजे सुरक्षाकवच नव्हे

या विषयातील सर्वांत गंभीर बाब पाण्याच्या बचतीची नाही. तरंगती चादर लांबून घट्ट जमिनीसारखी दिसते. लहान मूल तिच्यावर पाऊल टाकते, चादर दबते, मूल खाली जाते आणि चादर पुन्हा मिटते. वर काही हालचाल दिसत नाही, पाण्याचा आवाजही दबतो. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा चादरीखाली सापडला, तर त्याला वर येण्यासाठी वाट मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. परदेशात सुरक्षा-आच्छादनांसाठी स्वतंत्र मानके आहेत. अमेरिकेतील ‘एएसटीएम एफ १३४६’ या मानकानुसार मोठ्या तलावावरच्या सुरक्षा-आच्छादनाने सुमारे २२० किलो, म्हणजे दोन प्रौढ आणि एका मुलाचे वजन पेलले पाहिजे. फ्रान्सने ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने खासगी तलावांना कुंपण, धोक्याची घंटा, सुरक्षा-आच्छादन किंवा छप्पर यांपैकी एक उपाय बंधनकारक केला. फुग्यांची सौर चादर यांपैकी कशातही बसत नाही. तिच्या भरवशावर कुंपण किंवा देखरेख कमी करणे म्हणजे धोका ओढवून घेणे होय.

रीळ असल्याचा खरा सुरक्षा-लाभ येथे दिसतो. चादर हाताने ओढायची असेल, तर अर्धीच सारून पाण्यात उतरण्याची प्रवृत्ती होते. तीच सर्वांत घातक. रीळ असेल तर पूर्ण चादर काढायला तेवढाच वेळ लागतो. एक माणूस पाण्यात उतरणार असला, तरी शेवटचा हातभरही पाण्यावर राहता कामा नये.

मोठे तलाव आणि शेततळी

शाळा, क्रीडासंकुले किंवा नगरपालिकांच्या २५ मीटर लांब आणि १२.५ मीटर रुंद तलावावर एकच चादर घातली, तर तिचे कोरडे वजनच ११५ किलोच्या आसपास जाते. तेथे तलावाच्या लांबीने चार-पाच पट्टे करून प्रत्येकासाठी वेगळे रीळ वापरणे योग्य. मोटारीवर चालणारे रीळ घ्यायचे असल्यास ते कमी व्होल्टेजचे असावे आणि जोडणीत गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा. ओल्या जागेत याला पर्याय नाही.

शेततळ्यांसाठी हे रीळ वापरता येईल का, असा प्रश्न आंबा-काजू बागायतदारांना पडणे साहजिक आहे. शेततळ्याचे काठ उतरते असतात आणि पाणी उतरत जाते तसा पृष्ठभागाचा आकार बदलतो. आयताकृती, उभ्या भिंतींच्या तलावासाठी बेतलेली चादर तेथे बसत नाही. जगात त्यासाठी निराळे प्रयोग झाले आहेत. लॉस एंजेलिसच्या जलाशयात २०१५ मध्ये नऊ कोटी ६० लाख काळे प्लास्टिकचे चेंडू सोडण्यात आले. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात २०१२ मध्ये कालव्यावर सौर पॅनेलचे छप्पर घातले गेले. सिमेंटची आयताकृती साठवण टाकी असेल, तर मात्र चादर आणि रीळ दोन्ही उपयोगी पडतात.

आच्छादनाची खरेदी एकदाच होते. ते दर संध्याकाळी पाण्यावर पसरणे हे मात्र रोजचे काम आहे. पोहणारा शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर दमलेल्या कामगाराला ते एकट्याने, न कंटाळता करता येईल अशी सोय असेल, तरच पाणी वाचेल. म्हणून आच्छादनाचा भाव विचारताना रिळाचा भावही त्याच वेळी विचारावा आणि दोन्ही परवडत नसतील, तर आधी लहान चादर व मजबूत रीळ घ्यावे, असा व्यवहारी सल्ला देता येईल. मे महिन्यात गावात टँकर येतो त्या दिवशी तलावाच्या काठावर उभे राहून या खर्चाचा पुन्हा विचार केला, तर तो फारसा जड वाटणार नाही.

हे लक्षात ठेवा

• फुग्यांची बाजू नेहमी खाली.
• रीळ शक्यतो समुद्राकडच्या टोकाला. ब्रेक लावल्याशिवाय चाक फिरवू नये.
• काढण्यापूर्वी पालापाचोळा झाडावा. घालण्यापूर्वी गुंडाळी ठोकून पाहावी.
• गुंडाळलेली चादर उन्हात उघडी ठेवू नये.
• क्लोरीनची मोठी मात्रा टाकल्यावर लगेच आच्छादन घालू नये.
• अर्ध्या झाकलेल्या तलावात कोणीही उतरू नये.
• आच्छादन असले, तरी कुंपण आणि मुलांवरील देखरेख कायम ठेवावी.
• पावसाळ्यापूर्वी चादर धुऊन, वाळवून घरात. वादळाचा इशारा मिळताच रीळही घरात.